नाराच्या बुद्धाची पाठ

जपानवर माझा अजिबात राग नाही, हे आधीच सांगून टाकतो. ओसाका शहराने माझं काहीही वाकडं केलेलं नाही. ते मी पाहिलेलंही नाही. माझा राग आहे तो अमेरिकेत मिनेसोटातल्या ईडन प्रेरी गावात राहणाऱ्या आणि ओसाका पाहून आलेल्या लोकांवर. त्यांत तिथे नुसतं विमान बदललेले लोकही धरा, कारण एखाद्या विमानतळावर दोन कप कॉफी पिऊन आलेला मराठी माणूस परत आल्यावर त्या शहराचा तहहयात सल्लागार होतो.

काम खरं तर अगदी लहान होतं. माझी आई गिरजाबाई मार्चमध्ये नागपूरहून आमच्याकडे आली होती आणि सप्टेंबरात परत जाणार होती. परतीचं विमान ओसाकावरून घेतलं, तर मध्ये तीन दिवस थांबता येत होतं. ओसाकाहून ट्रेनने तासाभरात नारा नावाचं गाव येतं. तिथे एका भल्यामोठ्या लाकडी मंदिरात बुद्धाची अवाढव्य मूर्ती आहे. आमच्या नागपूरच्या वस्तीतल्या विहारात त्या मूर्तीची एक तसबीर आहे, कुणा जपानी पाहुण्याने दिलेली. आई लग्न होऊन वस्तीत आली तेव्हापासून दर पौर्णिमेला त्या तसबिरीसमोर बसत आली आहे.

“मले तेवढं नारा दाखव,” ती म्हणाली. “मूर्तीची पाठ पाहायची आहे.”

“पाठ?”

“समोरून तर आयुष्यभर पाहून राहिली ना. तसबिरीत पाठ कुठं दिसते? मागून एक चक्कर मारते आणि मग घरी जाते.”

यात कुणाला काही अवघड वाटतं का? एक म्हातारी, एक मूर्ती, एक चक्कर. मलाही अवघड वाटलं नव्हतं.

पहिली अडचण मी स्वतः होतो. माझ्या पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलेला आहे. या देशात राहायची, राबायची आणि टॅक्स भरायची मला पूर्ण मुभा आहे. फक्त एकदा बाहेर पडलो की परत आत यायला नवा शिक्का हवा, शिक्क्याला मुलाखत हवी, आणि मुलाखतीची तारीख मिळायला मागच्या जन्माचं पुण्य हवं. मी वकीलबाईंना विचारलं, जपानला जाऊन येऊ का? त्या म्हणाल्या, “टेक्निकली, यू कॅन.” इथल्या वकिलाच्या तोंडून ‘टेक्निकली’ हा शब्द आला की मुकाट्याने घरी बसायचं असतं. माझी बायको मैत्री हिचा व्हिसा माझ्याच व्हिसाच्या शेपटीला बांधलेला, त्यामुळे तिचाही प्रश्न मिटला. आईला एकटीला पाठवणं शक्य नव्हतं. तिचे गुडघे दुखतात. भाषेची तिला चिंता नव्हती. नागपुरीत सावकाश बोललं की जगातल्या कुणालाही समजतं असं तिचं मत आहे.

दुसरी अडचण म्हणजे जपानच्या व्हिसाच्या अर्जात कोणत्या दिवशी काय पाहणार ते दिवसवार लिहायचं होतं. आणि इथे मी ती चूक केली. दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या सत्यजितला फोन केला.

सत्यजितला त्याच्या कंपनीने एकदा आठवडाभर ओसाकाला पाठवलं होतं. तेव्हापासून तो दार उघडल्यावर पाहुण्यांना कमरेत वाकून नमस्कार करतो आणि साध्या भाताला ‘स्टिकी नाही’ म्हणून नावं ठेवतो. मी त्याला म्हटलं, “तीन दिवसांच्या तीन ओळी पाठव, बस.” त्याने रंगीत तक्ता पाठवला. किल्ला, मत्स्यालय, थीम पार्क, हिमेजी नावाचा आणखी एक किल्ला, क्योटोची देवळं, डोंगरावरचा मठ, दोतोनबोरी नावाची झगमगती खाऊगल्ली. बारीक अक्षरात सगळ्यात खाली, “नारा (जमल्यास).”

त्या कंसातल्या शब्दावर मी तेव्हाच फोन करून भांडायला हवं होतं. पण पाठोपाठ त्याचाच फोन आला. त्याचे आईवडीलही, म्हणजे राजाराम काका आणि सुलभा काकू, इकडे आलेले होते आणि तो व त्याची बायको सावनी त्यांना सोडायला सप्टेंबरात पुण्याला जाणार होते. “आम्ही पण त्याच फ्लाइटने जातो ना यार,” तो म्हणाला. “काकूंना आम्ही नेतो. तू टेन्शन घेऊ नकोस.” मी मैत्रीला म्हटलंसुद्धा की माणूस असावा तर असा. पुढचे पाच महिने हे वाक्य ती मला दर दोन दिवसांनी ऐकवत होती.

सत्यजितने ‘ओसाका चलो’ नावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढला. जाणारे पाच होते. ग्रुपमध्ये महाराष्ट्र मंडळातलं निम्मं गाव होतं. प्रीता म्हणाली, मत्स्यालयातला तो मोठा शार्क नाही पाहिला तर तिकीट फुकट. राजेश म्हणाला, थीम पार्क न करणं म्हणजे गुन्हा आहे. राजेश पंचेचाळीस वर्षांचा आहे. मालिनीताई स्वतः कधी जपानला गेलेल्या नाहीत, पण त्यांच्या नणंदेची शेजारीण गेली होती, आणि तिच्या हवाल्याने त्यांनी कळवलं की जपानमध्ये साध्या आमटीतसुद्धा मासा असतो. हे वाचून राजाराम काकांनी दोन दिवस जेवण सोडलं आणि सुलभा काकूंनी मेथीचे पराठे लाटून फ्रीज करायला घेतले. तेव्हा अजून बर्फ वितळायचं होतं.

“तुम्ही घाबरू नका जी,” आईने काकूंना धीर दिला. “मले मासोळी चालते. तुमच्या वाटची मी खाईन.”

मग सत्यजितने तालीम काढली. जपानमध्ये चालावं लागतं, इथल्यासारखी दारात गाडी नसते, आणि ज्येष्ठांना सवय हवी, असं त्याचं म्हणणं. बाहेर एप्रिलातला चिखल असल्याने तालीम मॉलमध्ये ठेवली. इथे हिवाळ्यात बरेच म्हातारे गोरे लोक मॉलमध्ये चालायला येतात, त्यामुळे आपलं हसं होणार नाही, अशी माझी समजूत होती. पण ते लोक मिटलेल्या छत्रीला केशरी रुमाल बांधून ती उंच धरून चालत नाहीत. सत्यजित चालला. त्याच्या मागे राजाराम काका नव्या बुटांत लंगडत, सुलभा काकू पराठ्याचा डबा घेऊन, मग आई, आणि शेवटी मी, कारण ‘ग्रुपच्या टोकाला एक जबाबदार माणूस लागतो’. बुटांच्या दुकानाला त्याने ओसाकाचा किल्ला ठरवलं होतं. फूड कोर्ट म्हणजे दोतोनबोरी. सरकता जिना बंद आहे असं धरून आम्हाला शेजारच्या साध्या जिन्याने चढवलं. आई प्रत्येक पायरीला कठड्याला धरून थांबत होती.

“आणि नारा कुठं आहे?” वर पोहोचल्यावर तिने दम खात विचारलं.

सत्यजितने खिडकीतून छत्री बाहेर रोखली. “नारा पार्किंग लॉटमध्ये, काकू. जाताजाता होऊन जाईल.”

मी काही बोलणार इतक्यात मॉलचा सुरक्षारक्षक आला. त्याने छत्रीकडे पाहिलं, रुमालाकडे पाहिलं, आणि अत्यंत अदबीने विचारलं की हा मोर्चा आहे का, कारण मोर्चाला आधी परवानगी काढावी लागते. मी विदर्भातल्या निम्म्या मोर्चांत चाललेला माणूस आहे. एका म्हातारीला नाराला नेता येत नाही म्हणून मॉलमध्ये मोर्चेकरी ठरण्याची वेळ माझ्यावर यावी, याचा मला जो संताप आला तो मी घरी जाऊन भांड्यांवर काढला.

आता हरणांकडे येतो. नाराच्या बागेत हरणं मोकळी फिरतात. आपण वाकून नमस्कार केला की तीही मान खाली घालतात आणि मग त्यांना तिथे मिळणारी खास बिस्किटं द्यायची असतात. हे आईला सत्यजितने सांगितलं. पुढे हेही सांगितलं की नमस्कार नीट जमला नाही किंवा बिस्किटाला उशीर केला तर ती चावतात. सांगून तो निघून गेला. ही त्याची पद्धतच आहे.

आमच्या घरामागे झाडी आहे, झाडीमागे तळं, आणि संध्याकाळी तिथून हरणं येतात. आई व्यवस्थित बाई आहे. परीक्षेला तयारीशिवाय जाणं तिला मान्य नाही. मे महिन्यात एका संध्याकाळी मी ऑफिसातून आलो तर मागच्या अंगणात आई कमरेत वाकून उभी, हातात ग्लुकोजचं बिस्किट, आणि समोर एक हरीण संशयाने तिच्याकडे बघतंय. जूनमध्ये त्या हरणाने आपलं कुटुंब आणलं. जुलैमध्ये अंगणात लग्नाच्या पंगतीसारखी दाटी होऊ लागली. इंडियन ग्रोसरीतला माणूस मला विचारू लागला की घरी लहान मुलं आहेत तरी किती.

“पाय, पाय, वाकून राहिलं!” आई हरणाकडे बोट दाखवत आनंदाने ओरडायची. तिच्या नागपुरीत ‘पाय’ म्हणजे ‘पाहा’.

“आजी, दे आर नॉट ईव्हन बाउइंग,” माझी मुलगी आन्या पुस्तकातून मान वर न करता म्हणायची. “दे आर जस्ट हंग्री.”

“ते काय म्हणते?”

“छान वाकतात म्हणते,” मी सांगायचो.

हरणांचं असं आहे की बिस्किटांनी त्यांचं पोट भरत नाही, तोंड मात्र चाळवतं. मग ती शेजारच्या बार्ब लुंडग्रेनच्या बागेत जायची. बार्बबाईंच्या बागेत होस्टा नावाची रुंद पानांची झाडं होती. होती, म्हणजे जूनपर्यंत. त्या झाडांच्या मधोमध त्यांनी बागेच्या दुकानातून आणलेला सिमेंटचा बुद्ध बसवला आहे. त्याच्या ओंजळीतून पाण्याचं कारंजं उडतं. त्याचं तोंड त्यांच्या खुर्च्यांकडे आहे, आणि आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याची फक्त पाठ दिसते. पाठीला भोक आहे आणि भोकातून पंपाची वायर बाहेर आली आहे. आईने पहिल्या आठवड्यात ते पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. “मागून पोकळ ठेवलं बाप्पा यायनं,” ती म्हणाली. त्या दिवसापासून ती रोज सकाळी कुंपण नसलेल्या त्या हद्दीतून पलीकडे जायची, ओल्या फडक्याने मूर्ती पुसायची आणि भोकातलं कोळ्याचं जाळं काढायची.

एका शनिवारी बार्बबाई केक घेऊन आल्या. मिनेसोटात तक्रार करायच्या आधी काहीतरी भाजून न्यायची रीत आहे. केक जितका मोठा तितकी तक्रार मोठी. हा दोन्ही हातांनी धरावा लागत होता.

“युअर मॉम इज सो स्वीट,” त्या म्हणाल्या. “शी वॉशेस माय फाउंटन. अँड द डिअर... वेल, दॅट्स डिफरंट.”

इथे ‘डिफरंट’ म्हणजे काय, ते या राज्यात अकरा हिवाळे काढल्यावर कळतं. नागपूरचा माणूस ज्या प्रसंगी बाह्या सरसावतो, त्या प्रसंगी इथला माणूस ‘डिफरंट’ म्हणतो. बार्बबाई आमच्या होमओनर्स असोसिएशनच्या, म्हणजे इथल्या सोसायटीच्या, अध्यक्षही होत्या. दोन आठवड्यांनी आम्हाला क्लबहाऊसमध्ये सुनावणीला बोलावलं.

मी मैत्रीला म्हटलं की मी एकटा जातो, पण आई नवी साडी नेसून तयारच होती. समोर पाच जण ओळीत बसले होते. बार्बबाईंनी उद्ध्वस्त होस्टांचे फोटो मोठ्या पडद्यावर दाखवले. एका फोटोत मागे आई होती, वाकलेली. मग मला विचारलं की वन्य प्राण्यांना खाऊ घालण्यामागे आमचा नेमका हेतू काय.

“शी इज प्रॅक्टिसिंग,” मी म्हणालो. “फॉर जपान.”

डिग्री घेतलेला, टाय लावलेला, बारा माणसं हाताखाली असलेला मी तिथे उभा होतो, आणि खोलीतल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर ‘डिफरंट’ लिहिलेलं होतं. शेवटी टोकाचे एक टक्कल पडलेले गृहस्थ पुढे झुकले.

“व्हेअर इन जपान?”

“ओसाका,” मी आशेने म्हणालो.

“ओह, यू गॉटा डू हिमेजी,” ते म्हणाले. आणि पुढची दहा मिनिटं माझी सुनावणी थांबवून त्यांनी हिमेजीच्या किल्ल्याचे त्यांच्या फोनमधले फोटो मंडळाला दाखवले.

“काय म्हणून राहिले?” आईने हळूच विचारलं.

“तुझ्या नारावर आणखी एकाने किल्ला बांधला,” मी म्हणालो.

निकाल लागला. बिस्किटं बंद, फाउंटन धुणं बंद, आणि होस्टा मी स्वतः लावून द्यायच्या. मी ऑगस्टच्या उन्हात गुडघ्यांवर बसून त्या लावल्या. रात्रीतून हरणांनी त्या खाल्ल्या. मी पुन्हा लावल्या. आईने बिस्किटं खरोखर बंद केली, पण संध्याकाळी हरणं आली की ती काचेच्या दाराआड उभी राहून वाकायची. “वाकायले तर बंदी नाही ना?” ती म्हणाली. हरणं काचेकडे बघत उभी राहायची आणि मग होस्टांकडे वळायची.

त्याच आठवड्यात विमान कंपनीने कळवलं की वेळापत्रक बदललं आहे, त्यामुळे ओसाकातले तीन दिवस आता दोनच झाले. काहीतरी गाळावं लागणार होतं. कोणताही शहाणा माणूस म्हातारीला विचारेल. सत्यजितने ग्रुपवर मतदान ठेवलं.

माझ्या घरात दर्शनी कपाटात संविधान आहे. लोकशाहीविरुद्ध मी जन्मात एक शब्द बोललेलो नाही. पण ज्यांना कुठेही जायचं नव्हतं त्या लोकांनी ईडन प्रेरीत गाद्यांवर लोळत हिमेजी आणि थीम पार्कला भरभरून मतं दिली. नाराला दोन मतं पडली, एक माझं, एक मैत्रीचं. आईला स्मार्टफोन वापरता येत नाही, त्यामुळे जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं ती एकटी मतदार यादीत नव्हती. मालिनीताईंनी खाली हात जोडलेलं चित्र टाकून लिहिलं, “मेजॉरिटी इज मेजॉरिटी.”

त्या रविवारी सत्यजितच्या डेकवर सगळे जमले होते. तो मक्याची कणसं भाजत होता. मी आल्या आल्या सुरुवात केली.

“ज्यांना जायचं नाही त्यांनी मतं कशाला दिली?”

“अरे, सगळ्यांचा एक्सपीरियन्स असतो यार,” कणीस फिरवत सत्यजित म्हणाला. “नारा म्हणजे कसं, पूर्ण सकाळ जाते. आणि दोनच दिवस आहेत.”

“पूर्ण सकाळ जाऊ दे ना! माझ्या आईने अख्खं आयुष्य घालवलंय त्या तसबिरीसमोर, तुझी एक सकाळ जाईना? तू तिला शार्क दाखवणार? झोक्यावर बसवणार? तिने तुझ्याकडे काय मागितलं? एक चक्कर! मूर्तीच्या मागून एक चक्कर!”

“धर्मराज, आवाज खाली,” मैत्री म्हणाली.

“का खाली? पाच महिने खालीच होता. मॉलमध्ये छत्रीमागे फिरलो, हरणांपायी पाच गोऱ्यांसमोर उभा राहिलो, त्या होस्टा...”

“मग तूच जा ना तिला घेऊन!” सत्यजितही भडकला.

तिथे असलेल्या प्रत्येकाला माझ्या पासपोर्टची गोष्ट ठाऊक होती. निम्म्यांची गोष्ट तीच होती. सत्यजितचं तोंड उघडं राहिलं आणि ग्रिलवरचं कणीस करपलं. सावनी ताकाचा ग्लास घेऊन माझ्याकडे आली. मी तो घेतला नाही. कुणाकडेही न बघता ताठ मानेने घरातून चालत, दारातल्या चपला पायात सरकवून, बाहेर पडलो. दोन गल्ल्या पायी आलो. गाडी मागेच राहिली होती, मैत्री आन्याला आणि आईला घेऊन नंतर आली. तेवढीच अब्रू राखली म्हणायची. घराच्या पायरीवर आल्यावर माझं लक्ष पायांकडे गेलं. मी राजाराम काकांच्या चपला घालून आलो होतो. त्याही दोन्ही डाव्या पायाच्याच वाटाव्यात इतक्या झिजलेल्या. एवढ्या संतापाने उठून गेलेल्या माणसाला आता त्या परत द्यायला जायचं होतं.

“राहू दे, मी देऊन येते,” दुसऱ्या दिवशी सकाळी आई म्हणाली. चपला पिशवीत घालून ती हळूहळू चालत गेली आणि बऱ्याच वेळाने माझे बूट घेऊन आली.

“काय बोलली एवढा वेळ?”

“चहा घेतला,” ती म्हणाली आणि भाजी निवडायला बसली.

निघायच्या दिवशी विमानतळावर मी सत्यजितशी फक्त कामाचं बोललो. व्हीलचेअर कुठे मागायची, गोळ्या कोणत्या खिशात आहेत. “सगळं प्लॅनप्रमाणे होईल,” तो म्हणाला. प्लॅन मला पाठ होता. पहिल्या दिवशी हिमेजी, दुसऱ्या दिवशी थीम पार्क. आईच्या पाया पडलो. तिने पाठीवरून हात फिरवला आणि व्हीलचेअरवर बसून राणीसारखी आत निघून गेली. मी पार्किंगमध्ये गाडीत बसून सत्यजितला, हिमेजीला आणि माझ्या वकीलबाईंना मनसोक्त शिव्या दिल्या. हलकं मुळीच वाटलं नाही.

तिथली सकाळ म्हणजे आमची आदली संध्याकाळ. ते पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मी भांडी घासत होतो आणि बाहेर ऊन उतरत होतं. फोन वाजला. व्हिडिओ कॉल, सत्यजितचा. मी ओल्या हाताने उचलला. त्याच्या मागे काळपट लाकडाचे प्रचंड खांब होते.

“हे हिमेजी का?” मी विचारलं. जितकं तुसडं विचारता येईल तितकं.

“नारा,” तो म्हणाला. त्याला धाप लागली होती. “पहिल्या ट्रेनने आलो. मी आणि काकूच. सावनी आईबाबांना घेऊन किल्ल्याला गेली.”

“आणि मतदान?”

“गेलं उडत.” त्याने नजर चुकवली. “काकू त्या दिवशी चपला घेऊन आल्या होत्या ना. म्हणाल्या, माझ्या धर्मराजाचा राग धरू नको. त्याले यायचं आहे आणि येता येत नाही, म्हणून तो ओरडून राहिला.”

मला इतका राग आला म्हणून सांगू. पाच महिने मी ज्या गोष्टीवर ओरडण्याचं पांघरूण घालत होतो, ती या बाईने एका कप चहावर दोन गल्ल्यांपलीकडे जाऊन सांगून टाकली होती. मी काही बोलायच्या आत तिनेच फोन हातात घेतला. आधी मला तिचा कान दिसला. मग छत. मग एका जपानी आजोबांचे बूट. मग सत्यजितची बोटं आली, त्यांनी फोन सरळ केला, आणि अंधारातून वर वर जाणारं काहीतरी दिसू लागलं.

“पाय धर्मा. मागं आली मी.”

समोरून सोन्यासारखी दिसणारी प्रभावळ मागून साधी काळी होती. आणि तिला खालपासून वरपर्यंत लाकडाचे दांडगे टेके लावलेले होते. तिरपे, आडवे, एकमेकांत अडकवलेले. फोन त्या टेक्यांवरून सावकाश वर सरकत गेला. फोनमध्ये तिचा श्वास ऐकू येत होता.

“टेकू लावले आहेत रे,” ती शेवटी म्हणाली. “समोरून पत्ता नाही लागत. एवढ्या मोठ्या माणसालेही मागून टेकू लागते.”

मला एकदम रडू आलं. भांड्यांच्या साबणाचा हात डोळ्यांना लावला आणि ते आणखी झोंबले.

“धर्मराज, दिसतंय ना रे नीट?” मागून सत्यजित ओरडला. “रेंज कमी आहे.”

“नाही दिसत! नीट धर तो फोन!” मी खेकसलो.

“ओरडू नको त्याच्यावर,” आई म्हणाली. “जिन्यावर त्यानं मले पाठीवर घेतलं.” मग तिला आठवलं. “तिकडं सांज झाली असंल. हरणं आली का?”

मी काचेच्या दाराबाहेर पाहिलं. पाच-सहा जण आले होते आणि दाराकडे तोंड करून, ज्या जागी आई उभी राहायची तिथे बघत उभे होते. पलीकडे बार्बबाई आपल्या खुर्चीत बसून माझ्याकडे पाहत होत्या, आणि त्यांच्यासमोर त्या भोकवाल्या बुद्धाचं कारंजं उडत होतं.

“आली,” मी म्हणालो.

“मंग वाक,” आई म्हणाली.

मी फोन तसाच समोर धरून, अंगात एप्रन, हाताला साबण, अख्ख्या असोसिएशनच्या अध्यक्षांदेखत कमरेत वाकलो. हरणांनी मान खाली घातली की नाही, मला दिसलं नाही. वर यायला मला जरा वेळ लागला.